धोक्यांचा रकाना

"आता धोके," मुक्ता दाभाडे म्हणाली आणि तिनं पिवळ्या चिठ्ठ्यांचा एकेक गठ्ठा आमच्यापुढे सरकवला. "संस्थेला बाहेरून काय काय धोका आहे, ते लिहायचं. एका चिठ्ठीवर एकच. नाव घालायचं नाही, त्यामुळं अगदी मोकळेपणानं लिहा."

मोकळेपणानं लिहा म्हटल्यावर आम्ही सगळ्यांनी आधी बाईंकडे पाहिलं.

त्या खोलीत बसलेले बहुतेक सगळे बाईंचे विद्यार्थी होते. इंदू खानविलकर बाईंनी दरेगावच्या हायस्कुलात आम्हाला गणित शिकवलं होतं. मी पुढं औषधांचं दुकान टाकलं, सर्जेराव दूध संघाचे अध्यक्ष झाले, निकम मॅडम वसतिगृहाच्या अधीक्षिका झाल्या, तरी बाईंसमोर आमची सगळ्यांची इयत्ता आठवीच राहिली. संस्थेच्या सभेत प्रत्येक विषय संपला की बाई विचारायच्या, "कुणाला काही म्हणायचंय?" आणि आम्ही माना खाली घालून सतरंजीवरचे पट्टे बघत बसायचो. मग मी सचिव या नात्यानं 'सर्वानुमते मंजूर' असं लिहायचो. माझ्या कारकिर्दीत दुसरं काही लिहायची वेळच आली नव्हती.

"तोडकर, इकडं काय बघताय? स्वतःचं स्वतः लिहा," बाई म्हणाल्या. मी मुकाट्यानं पेनाचं टोपण काढलं.

या गोष्टीला आता बारा-तेरा वर्षं झाली. आमची संस्था म्हणजे डोंगरातल्या वाड्यांवरच्या मुलींचं वसतिगृह. बाई तरुण होत्या तेव्हा वाडीवरची मुलगी चौथीनंतर शाळेत दिसत नसे. वाडीत पुढची शाळा नाही, रस्ता नाही, आणि रानातून एकटीदुकटीला कोण पाठवणार? बाईंनी चार मुली आणून स्वतःच्या भाड्याच्या खोलीत ठेवल्या. त्यातून वसतिगृह उभं राहिलं. बाईंनी लग्न केलं नाही, कधी सोन्याचा मणी घेतला नाही. जे काही होतं ते या मुलींत घातलं. माणूस म्हणून मला त्यांच्याइतकं मोठं कुणी भेटलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

तर त्या वर्षी पुण्याची एक कंपनी आम्हाला नवीन इमारत बांधून द्यायला तयार झाली होती. मुलींसाठी स्लॅबची इमारत, वर गच्ची, आत फरश्या. जुन्या इमारतीचे पत्रे वाऱ्यावर वाजायचे, न्हाणीघराला कडी नव्हती. कंपनीची अट एकच होती, संस्थेनं पुढच्या पाच वर्षांचा आराखडा करून द्यायचा. आम्हाला पुढच्या पाच दिवसांचंही सांगता आलं नसतं. म्हणून कंपनीनंच मुक्ताला पाठवलं होतं. संस्थांना असे आराखडे करायला शिकवणं हेच तिचं काम. वयानं ती आमच्या घरच्या लेकींएवढी होती, पण पोरकट नव्हती. आल्या आल्या तिनं वसतिगृह फिरून पाहिलं, स्वयंपाकाच्या अनसूया मावशींच्या हातची भाकरी खाल्ली आणि मगच भिंतीवर मोठाले कागद चिकटवले.

दिवाळीची सुट्टी संपून मुली नुकत्याच परत आल्या होत्या. शनिवार होता. सकाळच्या पहिल्या बैठकीत आम्ही आमची बलस्थानं लिहिली होती आणि त्यात आम्हाला फार गोड वाटलं होतं. सर्जेरावांनी तर लिहिलेलं स्वतःच उठून वाचून दाखवलं.

"बाईंचा शब्द! ह्यो आमचा सगळ्यात मोठा आधार हाय, मॅडम. मे महिन्यात आमी जीप काढतो न् वाडी-वाडी फिरतो. मुली गोळा कराय."

"गोळा करायला म्हणजे?" मुक्तानं विचारलं.

"म्हणजे नवीन प्रवेशासाठी," निकम मॅडमनी सावरून घेतलं. "हल्ली पालक आपणहून येत नाहीत ना. मग बाई स्वतः घरी जाऊन सांगतात."

"आन् बाई दारात हुभ्या राहिल्या म्हंजी कोण न्हाई म्हणत न्हाई," सर्जेराव छाती फुगवून म्हणाले. "आजवर एकानं म्हटलं असंल तर दाखवा."

"कुणीच नाही?"

"कुनी म्हंजी कुनी न्हाई."

मुक्तानं ते कागदावर लिहून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि गेलं. मला तेव्हा ते कळलं नाही, आणि कळलं असतं तरी मी काही बोललो नसतो. इमारतीचा नकाशा माझ्या खिशात होता. मी तो दुकानात गिऱ्हाइकांनासुद्धा दाखवत होतो.

धोक्यांच्या चिठ्ठ्या मात्र भराभर भरल्या. माणसाला कौतुकापेक्षा काळजी लवकर सुचते. मुक्तानं चिठ्ठ्या गोळा केल्या, सारख्या अर्थाच्या एकत्र केल्या आणि भिंतीवर एकाखाली एक लावल्या. मग खणखणीत आवाजात वाचायला लागली.

"वाघजाईवाडीला मुक्कामी एसटी सुरू झाली. कुंभारखोऱ्यात दहावीपर्यंत शाळा झाली. वाड्यांना डांबरी रस्ते झाले. मुलींना शाळेत जायला सायकली मिळतात. पालक मुलींना दूर ठेवायला तयार नाहीत, घरी ठेवूनच शिकवायचं म्हणतात. आया शिकलेल्या आहेत, त्या घरी अभ्यास घेतात." ती थांबली. "हे झालं. अजून कुणाला काही घालायचंय?"

निकम मॅडम म्हणाल्या, "सायकलींचं ठळक करा. त्यानं फार फटका बसलाय."

"थांबा," बाई म्हणाल्या. "पुन्हा वाचा."

मुक्तानं पुन्हा वाचलं. या वेळी जरा सावकाश. मी बाईंकडे बघत होतो. त्या डोळे मिटून ऐकत होत्या, वर्गात कुणी फळ्यावर उदाहरण सोडवून दाखवताना ऐकायच्या तशाच.

"वाघजाईवाडीची एसटी हा धोका कुणी लिहिलाय?" त्यांनी विचारलं.

नाव घालायचं नाही असं ठरलं होतं, पण बाईंनी विचारल्यावर ते ठरलेलं टिकण्यासारखं नव्हतं. माझ्याही चिठ्ठीत तेच होतं. मी हात वर करणार एवढ्यात त्याच म्हणाल्या, "मी लिहिलाय."

मला तो दिवस आठवला. त्या एसटीसाठी बाईंनी वाडीवरच्या बायका घेऊन डेपोत दिवसभर ठिय्या दिला होता. गाडी पहिल्यांदा वाडीत गेली तेव्हा बाई ड्रायव्हरला ओवाळायला ताट घेऊन उभ्या होत्या. मीच नारळ फोडला होता. कुंभारखोऱ्याच्या शाळेसाठीचे अर्ज तर बाईंनी सांगितले आणि मी लिहिले. भिंतीवर जे धोके लागले होते, ते सगळं आम्हीच आयुष्यभर मागितलेलं होतं.

"चुकून झालं असेल," मी म्हणालो. "एसटी धोका कशी असेल? आपण तो शब्द बदलू. आव्हान म्हणू."

"तोडकर, उत्तर चुकलं की रीत तपासायची. अक्षर गिरवून काय होणार?"

सर्जेरावांना राहवलं नाही. "बाई, एसटी आली म्हून काय झालं? आपल्या हितली शिस्त, संस्कार, त्ये काय एसटीत मिळतंय व्हय? इमारत झाली की मुली आपसूक येत्याल. आपण फेरी वाढवू. मेत एकदा हाय, ती दोनदा करू."

निकम मॅडमनी मान डोलावली. त्यांचं मी समजू शकत होतो. नवरा अर्धांगवायूनं पडून, मुलगा कॉलेजात, आणि पगार वसतिगृहाचा. अनसूया मावशी दाराशी चहाची किटली घेऊन उभ्या होत्या. त्यांनी किटली खाली ठेवलीच नाही.

"मुक्ता, तुमच्या त्या आराखड्यांच्या शास्त्रात अशा वेळी काय करतात?" बाईंनी विचारलं.

मुक्ता जरा चाचरली. "शास्त्र वगैरे नाही, बाई. एक प्रश्न असतो. उद्या आपण नसलो तर कुणाचं अडेल? तो उद्याच्या बैठकीत घेणार होते."

"डोंगरापलीकडच्या वाड्यांच्या मुलींचं अडेल. तिथं अजून पायवाटच आहे," बाई म्हणाल्या. "त्या थोड्याच आहेत. बाकीच्यांचं?"

पुन्हा सगळ्यांनी सतरंजीकडे पाहिलं.

"मी तुम्हाला का विचारतेय?" बाई उठल्या. "तुम्ही मला नाही म्हणणार नाही. ज्यांना अडायचंय त्यांनाच विचारू. ती प्रणाली आहे ना पाचवीतली, दिवाळीहून आल्यापासून जेवत नाही ती. शालनची मुलगी. उद्या तिच्या घरी जाऊ. तिलाही बरोबर घ्या."

बैठक संपल्यावर मी बाईंना फाटकाशी गाठलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी वाद घातला. म्हटलं, "बाई, पहिले पंधरा दिवस कुठली मुलगी रडत नाही? लागते सवय. तुम्हीच सांगता नेहमी. आणि इमारत पुन्हा मिळायची नाही. तुमच्यानंतर हे टिकायला हवं की नको?"

"का टिकायला हवं?"

"म्हणजे काय? तुमचं आयुष्य गेलं यात."

"म्हणून मुलींचंही जावं का?" असं म्हणून त्या घरी गेल्या. मला राग आला. खरं सांगायचं तर रागापेक्षा भीती वाटली. वसतिगृहाशिवाय बाई म्हणजे कोण, हे मला माहीत नव्हतं आणि त्यांनाही माहीत नसावं.

रविवारी सकाळी आम्ही जीपनं निघालो. पुढं बाई, मागं मी, मुक्ता आणि मधे प्रणाली. वर्णानं सावळी, चणीनं बारीक, केसांना तेल चोपडून दोन वेण्या. घरी जायचंय हे कळल्यावर तिनं आधी विश्वास ठेवला नाही. जीप घाट चढायला लागली तशी ती खिडकीकडे सरकली. मग एकेका वळणाला मुक्ताला सांगायला लागली, "ह्यो आमचा वढा. हितं माजी शाळा हुती. हितं आजीचं नाचणीचं रान." शाळा अगदी रस्त्याला लागून होती. रंग दिलेली, पुढं झेंड्याचा कट्टा. बाई मान वळवून ती मागं पडेपर्यंत बघत राहिल्या.

शालन अंगणात नाचणीची कणसं बडवत होती. जीप बघून ती दचकली, पण पोरगी धावत जाऊन कमरेला बिलगली तसा तिनं बडवणा टाकून दिला. "काय झालं? आजारी हाय का? बाई, काय केलं का हिनं?"

"काही केलं नाही. आम्हालाच चहा प्यायचा होता," बाई म्हणाल्या.

शालनही वसतिगृहात राहून दहावी झालेली. तिच्या वेळी या वाडीला रस्ता नव्हता, आणि बाई तिला आणायला पायी आल्या होत्या. ती गोष्ट तिनं चहा टाकता टाकता मुक्ताला मोठ्या हौसेनं सांगितली. बापानं लग्न ठरवलं होतं, बाईंनी ओसरीवर बसून ते मोडलं. "बाई नसत्या तर म्या पंधराव्या वर्सी पाळणा हलवत बसले असते," ती म्हणाली. आता ती गावातल्या बचत गटाची अध्यक्ष होती आणि पोरीच्या शाळेच्या समितीवर होती.

"कुठल्या शाळेच्या?" मुक्तानं विचारलं.

"हितल्याच की. ह्या रस्त्यावरच्या." शालन बोलून गेली. तिनं उगाच कपबशा पुसायला घेतल्या.

"शाळा बरी नाही का?" बाईंनी विचारलं.

"तशी बरी हाय. मास्तर चांगलं हायेत."

"दहावीपर्यंत?"

"सातवीपातूर हितं. म्होरं कुंभारखोऱ्यात. सायकल मिळती."

"मग हिला माझ्याकडे का पाठवलीस?"

"शिस्त लागती, बाई. वळण लागतंय."

"तुझ्या घरात वळण नाही?"

शालन हसली, पण डोळे वर केले नाहीत. प्रणाली आईच्या पाठीमागं पदर धरून उभी होती. तिला आज परत जायचंय की नाही, एवढंच तिला या बोलण्यातून काढायचं होतं.

"शालन, माझ्याकडे बघ," बाई म्हणाल्या. तो आवाज आम्हाला ठाऊक होता. त्या आवाजापुढं खोटं बोलणं कुणाला जमलेलं नव्हतं. "तुला पोर पाठवायची होती का?"

शालननं वर पाहिलं. तिचे डोळे भरले होते.

"न्हवती, बाई."

"मग?"

"तुम्ही दारात आलासा. ह्या वयात, मेच्या उन्हात, गुडघं धरत जीपमधनं उतरलासा. तुमच्यामुळं मी हाय. तुमास्नी मोकळ्या हातानं कसं पाठवायचं?"

कोंबड्या नाचणीत शिरल्या तरी त्यांना हाकलायला कुणी उठलं नाही. मी मुक्ताकडं पाहिलं, तर ती जमिनीकडे बघत होती. गेल्या काही वर्षांत मे महिन्यात आम्ही किती दारांत उभे राहिलो होतो, आणि प्रत्येक ठिकाणाहून मुलीचं नाव घेऊन किती खुशीत परतलो होतो! घरोघरच्या लोकांनी बाईंचं ऋण फेडायला आपली लेकरं आमच्या जीपमध्ये बसवली होती, आणि आम्ही त्याला संस्थेचं बलस्थान म्हणत होतो.

मला वाटलं बाई कोसळतील. पण त्यांनी उरलेला चहा संपवला, कप नीट बशीत ठेवला आणि प्रणालीला जवळ बोलावलं. ती भीत भीत पुढं आली.

"तुला गणित आवडतं का गं?"

पोरीनं मान हलवून नाही म्हटलं.

"मला नाही म्हणालीस," बाई म्हणाल्या आणि तिच्या गालावरून हात फिरवला. "शहाणी आहेस. उद्यापासून इथल्या शाळेत जा. तुझी पेटी तोडकर पाठवून देतील."

प्रणालीनं आईकडे पाहिलं, खरं आहे का म्हणून. शालननं पोरीला पोटाशी धरलं आणि मोठ्यानं रडायला लागली.

"तोडकर," बाई माझ्याकडे वळल्या, "कंपनीला कळवा, इमारत नको. पत्रे तेवढे बदलून द्या म्हणावं, आणि न्हाणीघराला कडी. पलीकडच्या वाड्यांच्या मुली दहावी होईपर्यंत राहतील. निकम आणि अनसूया तोवर आहेतच, नंतरचं त्यांचं आपण आत्तापासून बघायचं. वाटेनं निघालेल्या मुलींना मधे कुणी सोडायचं नाही. ज्या नुसत्या माझ्यासाठी आल्यात, त्यांना मात्र घरी पोचवायचं. येत्या मेत जीप निघणार नाही."

"आणि आराखडा?" मी विचारलं.

"हाच आराखडा," मुक्ता हळूच म्हणाली. "पाच वर्षांत संपायचा."

"कुणाला काही म्हणायचंय?" बाईंनी विचारलं.

ही सभा नव्हती, पण मी उभा राहिलो. "मला म्हणायचंय," मी म्हणालो. "मला फार वाईट वाटतंय, बाई."

"मलाही," बाई म्हणाल्या. "लिहून ठेवा."

पुढं सगळं त्यांनी सांगितलं तसंच झालं. सर्जेरावांनी वर्षभर माझ्याशी अबोला धरला. निकम मॅडम कुंभारखोऱ्याच्या शाळेत लागल्या, मावशींनी तिथल्याच पोषण आहाराचा स्वयंपाक हाती घेतला. पलीकडच्या वाडीची शेवटची मुलगी दहावी झाली, तेव्हा आम्ही वसतिगृहाला कुलूप लावलं. बाई त्यानंतर तीन वर्षं होत्या. रोज संध्याकाळी माझ्या दुकानात येऊन बसायच्या आणि माझ्या हिशोबातल्या चुका काढायच्या. त्या दिवसाविषयी कधी बोलल्या नाहीत.

त्या रविवारी आम्ही निघालो तेव्हा शालन घरात धावली आणि नव्या नाचणीच्या पिठाची पिशवी घेऊन बाहेर आली. वर घेवड्याच्या शेंगा. डोंगरात अशीच रीत आहे, पाहुण्याला काहीतरी बांधून दिल्याशिवाय उंबऱ्याबाहेर सोडत नाहीत. एवढ्या वर्षांत बाईंनी ती कधी मोडली नव्हती.

"घ्या, बाई. पोरगी ठेवून घेतली म्या. आता हे तरी न्या."

बाईंनी तिचे दोन्ही हात पिशवीसकट धरले आणि तिच्याच छातीशी नेऊन टेकवले.

"नको गं, शालन," त्या म्हणाल्या. "आज मला मोकळ्या हातानंच जाऊ दे."